ठाण्यातली फिर्याद दिल्लीला कशी जाते?

वाचकहो, कायद्यावर बोलायचे म्हटले की ऐकणाऱ्याच्या कपाळावर आठी पडते. "मास्तर, आमचा अन् कोर्टाचा संबंध बांधाच्या भांडणापुरता. दहशतवादाचा कायदा घेऊन आम्ही काय करायचं?" असे मला आमच्या गावच्या पारावर एका वयोवृद्ध गृहस्थांनी ऐकवलेले आहे. त्यांचे अगदीच चुकत होते असे मी म्हणणार नाही. पण त्यांचाच पुतण्या पोलिसात आहे, आणि गेल्या दिवाळीत तोच मला म्हणाला, "सर, तुम्ही वर्गात शिकवलेला कायदा वेगळा आणि आता आमच्याकडून करून घेतात तो वेगळा. नेहमीच्या गुन्ह्याला एक रीत, आणि त्या कलमाखालच्या गुन्ह्याला दुसरीच." ही दुसरी रीत कोणती, ती कशी आली आणि तिच्यामुळे सरकारी खात्यांची घडी कशी बदलली, ते आज आपण पाहू.

दहशतवादविरोधी कायदा म्हणजे शिक्षा वाढवली, फाशी ठेवली, एवढेच बहुतेकांना वाटते. पण खुनाला फाशी जुन्या दंडसंहितेतही होतीच. खरा बदल शिक्षेत फारसा नाही. फिर्याद कोण लिहून घेणार, तपास कोण करणार, माणसाला कोठडीत किती दिवस ठेवणार आणि जामीन कोणत्या कसोटीवर मिळणार, या चार गोष्टींत तो आहे.

आधी नेहमीची रीत लक्षात घ्या. समजा, गावात दरोडा पडला. ठाणे अंमलदार फिर्याद लिहून घेतो, फिर्यादीला तिची नक्कल फुकट देतो. संशयिताला धरले तर चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करावे लागते. हे आपल्या राज्यघटनेच्या बाविसाव्या अनुच्छेदातच लिहिलेले आहे. पोलीस कोठडी मिळाली तर एकंदर पंधरा दिवसांची. पुढे न्यायालयीन कोठडी. साठ दिवसांत, आणि गुन्हा फार गंभीर असेल तर नव्वद दिवसांत, दोषारोपपत्र कोर्टात गेले नाही, तर आरोपीला जामीन मागण्याचा हक्क मिळतो. तपास रेंगाळला त्याची शिक्षा आरोपीने का भोगावी, असा त्यातला साधा विचार. १ जुलै २०२४ पासून जुन्या संहिता जाऊन नव्या आल्या, कलमांचे आकडे बदलले; पण हा कणा तोच राहिला.

आणखी एक गोष्ट, आणि ती फार महत्त्वाची. पोलिसासमोर दिलेला कबुलीजबाब कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही. ही तरतूद १८७२ च्या पुरावा कायद्यातली, म्हणजे इंग्रजांच्या वेळची. आपल्याच हाताखालच्या पोलिसांवर त्या सरकारचा विश्वास नव्हता! चौकीत दांडक्याने काय काय कबूल करून घेता येते, हे त्याला पुरते ठाऊक होते. स्वतंत्र भारतानेही ही तरतूद टाकली नाही. आजच्या नव्या कायद्यातही ती आहे.

आता दुसरी रीत. १९८४ साली पंतप्रधान इंदिरा गांधींची हत्या झाली, पंजाब पेटलेला होता. १९८५ मध्ये संसदेने 'टाडा' नावाने ओळखला जाणारा कायदा केला, आणि १९८७ मध्ये तो नव्याने आणला. त्यात पोलीस अधीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने घेतलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून धरावा असे ठरले. शंभराहून अधिक वर्षे बंद असलेले दार उघडले. खटल्यांसाठी वेगळी न्यायालये नेमली गेली. मुंबईत १२ मार्च १९९३ रोजी झालेल्या बॉम्बस्फोटांत २५७ माणसे मेली. तो खटला याच कायद्याखाली चालला आणि त्याचे निकाल २००६ आणि २००७ साली लागले. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये टाडा घटनेला धरून आहे असे म्हटले. पण त्याचा गैरवापर होतो ही ओरड इतकी वाढली, की १९९५ च्या मे महिन्यात मुदत संपल्यावर तो पुढे वाढवला गेला नाही.

यानंतर 'पोटा'. अमेरिकेवर सप्टेंबर २००१ मध्ये हल्ला झाला, त्याच डिसेंबरात आपल्या संसदेवर झाला. मार्च २००२ मध्ये दोन्ही सभागृहांची संयुक्त बैठक बोलावून हा कायदा मंजूर करावा लागला, कारण राज्यसभेत तो पडला होता. अशी संयुक्त बैठक आपल्या संसदेच्या इतिहासात तोवर दोनदाच झाली होती. २००४ मध्ये सरकार बदलले आणि पोटा रद्द झाला.

येथे जरा थांबा. पोटा रद्द झाला खरा. पण त्याच वर्षी, त्याच सुमारास, त्यातली बरीच कलमे दुसऱ्या एका जुन्या कायद्यात नेऊन बसवली गेली. तो म्हणजे १९६७ चा बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायदा, ज्याला वर्तमानपत्रे 'यूएपीए' म्हणतात. मुळात तो देश तोडू पाहणाऱ्या संघटनांवर बंदी घालण्यापुरता होता. कबुलीजबाबाचे कलम मात्र त्यात आणले नाही, हे नमूद केले पाहिजे. टाडा आणि पोटा हे मुदतीचे कायदे होते. मुदत आली की सरकारला संसदेपुढे उभे राहून, अजून याची गरज का आहे, ते सांगावे लागे. १९६७ च्या कायद्याला अशी मुदत नाही. माझ्या मते हा फरक कोणत्याही एका कलमापेक्षा मोठा आहे. औषधाच्या बाटलीवर तारीख असली की माणूस निदान बाटली उचलून पाहतो तरी.

आणि मग २६ नोव्हेंबर २००८ ची रात्र. कराचीहून समुद्रमार्गे दहा जण आले. वाटेत त्यांनी पोरबंदरची 'कुबेर' ही मासेमारीची बोट पकडली, तिच्यावरच्या माणसांना मारले, आणि मुंबईच्या किनाऱ्यावर मच्छीमारांच्या वस्तीत उतरले. उतरताना तिथल्या माणसांनी त्यांना पाहिलेही होते. पुढचे आपणांस ठाऊक आहे. १६६ माणसे गेली. हेमंत करकरे, अशोक कामटे, विजय साळसकर गेले. गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांनी गोळ्या झेलत एकाला धरून ठेवले, म्हणून तो जिवंत सापडला. दिल्लीजवळच्या मानेसरहून राष्ट्रीय सुरक्षा दलाचे कमांडो मुंबईत पोचेपर्यंत पहाट झाली होती.

या हल्ल्याने सरकारी यंत्रणेचा सांगाडाच हलवला. कमांडो उशिरा पोचले, म्हणून २००९ मध्ये मुंबईसह चार शहरांत त्यांची ठाणी झाली. राज्याने स्वतःचे 'फोर्स वन' उभे केले. गुप्तवार्तांची देवाणघेवाण करणारे एक केंद्र २००१ पासून होते. डिसेंबर २००८ मध्ये त्याला जास्त बळ दिले गेले. किनाऱ्यापासून खोल समुद्रापर्यंत कोणी कोठवर पाहायचे, याची नौदल, तटरक्षक दल आणि सागरी पोलीस यांच्यात नव्याने वाटणी झाली. कोकणातल्या मच्छीमारांना ओळखपत्रे आली, बोटींच्या नोंदणीची कडक तपासणी आली. माझे एक स्नेही रत्नागिरी जिल्ह्यात प्राथमिक शिक्षक आहेत. ते म्हणतात, की मासेमारीला जाताना जाळे विसरले तर एक वेळ चालते, कार्ड विसरून चालत नाही. थट्टेचा भाग सोडा. पण दिल्लीत झालेला विचार वाडीतल्या तांडेलाच्या खिशापर्यंत कसा पोचतो, ते यातून दिसते.

कागदावर सर्वात मोठा बदल झाला तो डिसेंबर २००८ मध्ये. संसदेने एकाच वेळी दोन कायदे मंजूर केले. एकाने यूएपीए कडक केला. दुसऱ्याने राष्ट्रीय तपास संस्था, म्हणजे एन.आय.ए., जन्माला घातली.

आता शिक्षक बंधुभगिनींनी आपल्या नागरिकशास्त्राच्या पुस्तकातील तीन सूची आठवाव्यात : केंद्राची, राज्यांची आणि समवर्ती. 'पोलीस' हा विषय राज्यांच्या सूचीत आहे. फौजदार हा राज्याचा माणूस. मग केंद्राची तपास संस्था राज्यात येऊन तपास कशी करणार? यासाठी कायद्याने कागदाचा एक प्रवास आखून दिला आहे. दहशतवादाच्या, म्हणजे कायद्याच्या परिशिष्टातल्या एखाद्या गुन्ह्याची फिर्याद ठाण्यात नोंदली गेली, की ठाणेदाराने तिचा अहवाल ताबडतोब राज्य सरकारला पाठवायचा. राज्याने तो लवकरात लवकर केंद्राला पाठवायचा. केंद्राने पंधरा दिवसांत ठरवायचे, की हा तपास संस्थेकडे द्यावा की राज्याकडेच राहू द्यावा. दिला, तर राज्याच्या पोलिसांनी तपास थांबवून सगळी कागदपत्रे त्यांच्या स्वाधीन करायची. मात्र तोवर हात बांधून बसायचे नाही; तपास चालू ठेवण्याची जबाबदारी ठाणेदाराचीच.

याला एक पुरवणी आहे, आणि खरी कुरबुर तिथेच होते. राज्याने काहीच कळवले नाही तरी केंद्र आपण होऊन तपास काढून घेऊ शकते. पुण्याच्या एल्गार परिषदेच्या प्रकरणाचा तपास जानेवारी २०२० मध्ये पुणे पोलिसांकडून असाच काढून घेतला गेला, तेव्हा राज्यातल्या मंत्र्यांनी उघड नाराजी व्यक्त केली होती. त्याच महिन्यात छत्तीसगढच्या सरकारने हा कायदाच घटनेविरुद्ध आहे म्हणून सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. कट एका राज्यात, पैसा दुसऱ्यात आणि स्फोट तिसऱ्यात असेल, तर एका जिल्ह्याचा फौजदार कुठवर धावणार? पण उद्या राज्याला अडचणीत आणायचे म्हणून केंद्राने एखादी फाइल उचलली, तर ती परत कोण आणणार?

केंद्राचे सगळेच चालते असेही नाही. दहशतवादविरोधी राष्ट्रीय केंद्र नावाची एक संस्था फेब्रुवारी २०१२ च्या आदेशाने स्थापन व्हायची होती. १ मार्चपासून ती सुरू व्हायची होती. ती गुप्तवार्ता विभागाच्या आत ठेवायची आणि तिला अटकेचा अधिकारही द्यायचा, असे ठरले होते. वेगवेगळ्या पक्षांचे मुख्यमंत्री एकत्र उठले : गुप्तहेराने बातमी काढावी, अटक पोलिसाने करावी, दोन्ही एकाच्या हाती कशाला? ती संस्था उभी राहिलीच नाही. माझे मत विचाराल, तर मुख्यमंत्र्यांचा मुद्दा बरोबर होता. पोलिसाला कोर्टात उभे राहून उलटतपासणी सोसावी लागते. गुप्तहेराला ते नसते.

बरे, आता कोठडी आणि जामीन. २००८ च्या दुरुस्तीने यूएपीएखाली पोलीस कोठडी पंधराऐवजी तीस दिवसांपर्यंत मिळू लागली. दोषारोपपत्रासाठी नव्वद दिवस, आणि सरकारी वकिलाने कारणे देऊन अहवाल सादर केला आणि कोर्टाचे समाधान झाले, तर एकशे ऐंशी दिवसांपर्यंत. म्हणजे ज्वारी पेरल्यापासून कापून, मळून, पोत्यात भरेपर्यंतचा काळ माणूस आरोपपत्राशिवाय आत. घरात कमावता तोच असेल तर काय होते, ते मी सांगायला नको.

या वकिलाच्या अहवालाबद्दल १९९४ साली, महाराष्ट्रातल्याच एका टाडा खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने एक खणखणीत गोष्ट सांगून ठेवली आहे. सरकारी वकील म्हणजे पोलिसांचे टपाल पुढे ढकलणारा पोस्टमन नव्हे. त्याने स्वतः कागद वाचून, स्वतःचे डोके वापरून, जादा मुदत खरोखर हवी का, ते ठरवायचे.

जामिनाची कसोटी तर उलटीच झाली. नेहमीच्या गुन्ह्यात, माणूस पळून जाईल का, साक्षीदारांना धमकावील का, हे कोर्ट पाहते. येथे पोलिसांचे कागद वाचून आरोप सकृद्दर्शनी खरा वाटला, तर जामीन द्यायचाच नाही, असे कलम आहे. आणि या टप्प्यावर कोर्टाने पुराव्याची खोलात चिरफाड करू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये म्हटले. मग होते काय, की कागद पोलिसांचे आणि परीक्षाही त्याच कागदांची. २०२१ मध्ये त्याच न्यायालयाने थोडी खिडकी उघडली. केरळातल्या एका प्रकरणात आरोपी पाच वर्षांहून अधिक काळ आत होता आणि अजून २७६ साक्षीदार तपासायचे होते. खटला लवकर चालवणे सरकारला जमत नसेल, तर घटनेने दिलेल्या हक्काच्या बळावर उच्च न्यायालय जामीन देऊ शकते, असे तेव्हा ठरले.

कायद्याने काही फाटकेही ठेवली आहेत, हे न सांगणे अन्यायाचे होईल. या गुन्ह्याचा तपास साध्या फौजदाराने करायचा नाही. उपअधीक्षक दर्जाचा अधिकारी लागतो. (२०१९ पासून एन.आय.ए.च्या निरीक्षकाला मात्र ही मुभा आहे.) खटला भरण्याआधी सरकारची मंजुरी लागते, आणि मंजुरीपूर्वी एका स्वतंत्र अधिकाऱ्याने पुरावा पाहून सात दिवसांत शिफारस करायची, सरकारने पुढच्या सात दिवसांत निर्णय द्यायचा. ही मुदत शोभेची नाही, ती पाळलीच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये बजावले. त्याच वर्षी, अटकेची कारणे आरोपीला लेखी दिली पाहिजेत, असेही त्याने सांगितले. नव्या न्यायसंहितेत दहशतवादी कृत्याचे वेगळे कलम आहे. ते लावायचे की यूएपीए, हे पोलीस अधीक्षकाने ठरवायचे. फाटक आहे खरे. पण राखणदार जागा आहे की नाही, यावर सारे.

आता आपल्या राज्याच्या कायद्याकडे या. १९९९ चा मकोका मुळात टोळ्यांसाठी केला गेला. मुंबईतल्या खंडणीखोरांनी तेव्हा उच्छाद मांडला होता. त्यात टाडातला कबुलीजबाब परत आला : अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यापुढचा जबाब पुरावा. ११ जुलै २००६ रोजी मुंबईच्या लोकलगाड्यांत सात स्फोट झाले, १८० हून अधिक माणसे मेली. राज्याच्या दहशतवादविरोधी पथकाने तपास केला, मकोका लावला. २०१५ मध्ये बारा जणांना शिक्षा झाली, त्यांतल्या पाच जणांना फाशीची. आणि २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बाराही जणांना निर्दोष ठरवले. कबुलीजबाबांवर, ओळखपरेडीवर, साक्षीदारांवर न्यायालयाचा विश्वास बसला नाही. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. त्याने, हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये, एवढी स्थगिती दिली; सुटलेल्यांना पुन्हा तुरुंगात मात्र धाडले नाही.

ज्या बाईचा नवरा त्या सायंकाळी विरारच्या गाडीने घरी यायचा होता, तिला एकोणीस वर्षांनी काय सांगायचे? आणि जो माणूस या एकोणीस वर्षांत आतच म्हातारा झाला, त्याला? मी वर्गात हा प्रश्न टाकला तेव्हा मुले बराच वेळ गप्प बसली होती. मीही बसलो.

याच्या शेजारी २६ नोव्हेंबरचा खटला ठेवून पाहा. तो एन.आय.ए.ने चालवला असे पुष्कळांना वाटते. नाही. तेव्हा ती संस्था जन्मली नव्हती. तपास मुंबई पोलिसांच्या गुन्हे शाखेने केला. अजमल कसाबचा कबुलीजबाब नोंदवला तो दंडाधिकाऱ्याने, जुन्या, नेहमीच्या रीतीप्रमाणे. छायाचित्रे होती, प्रत्यक्ष पाहणारी माणसे होती, जखमी साक्षीदार होते. त्याला वकील दिला गेला. मे २०१० मध्ये शिक्षा झाली, २०११ मध्ये उच्च न्यायालयाने आणि ऑगस्ट २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली, आणि २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवड्यात ती अमलात आली. कोणी म्हणेल, त्याला तर हाती शस्त्रासह धरले होते, तो खटला सोपा. हे खरे आहे, आणि म्हणूनच या एका उदाहरणावरून मी सर्वत्रिक नियम काढीत नाही. पण ज्या खटल्यात पोलिसापुढच्या जबाबाची टेकू नव्हती तो तीन कोर्टांत टिकला, एवढे तर दिसतेच.

फाइल हात बदलते तेव्हा काय होते, याचे उदाहरण मालेगावचे आहे. २९ सप्टेंबर २००८ रोजी तिथे स्फोट झाला, सहा माणसे मेली. तपास राज्याच्या पथकाकडे, मग २०११ मध्ये एन.आय.ए.कडे. पहिल्या संस्थेने लावलेला मकोका दुसरीला मान्य नव्हता. ३१ जुलै २०२५ रोजी सर्व आरोपी सुटले. यूएपीएसाठी घेतलेली सरकारी मंजुरीही सदोष असल्याचे विशेष न्यायालयाने सांगितले. म्हणजे मघाशी ज्या फाटकाबद्दल बोललो, तेच नीट लावलेले नव्हते.

तो पोलिसातला विद्यार्थी गेल्या दिवाळीत मला जे सांगत होता, ते असेच काहीसे होते. त्याच्या ठाण्याच्या हद्दीतल्या एका जुन्या गुन्ह्याचे कागद कधीच वरच्या संस्थेकडे गेले. पण पंचनामा लिहिणारा हवालदार त्यांच्याच ठाण्याचा. तो निवृत्त होऊन आता शेती करतो. मुंबईहून साक्षीचे समन्स आले की भाड्याची सोय करतो, रात्रीची एस.टी. धरतो, आणि सकाळी कोर्टाच्या व्हरांड्यात बसून आठवायचा प्रयत्न करतो, की त्या दिवशी पिशवीला लावलेले लाखेचे सील एक होते की दोन.